जगाच्या बातम्यांनी जीव टांगणीला लागतो, तेव्हा नेमकं काय करायचं? (ठाणे – नवी मुंबई)

खाडीकाठ
युद्ध, पूर, उकाडा, हवा, नोकऱ्या. सकाळी फोन हातात घेतला की पोटात गोळा येतो आणि रात्री फोन खाली ठेवला तरी तो जात नाही, अशी तक्रार समुपदेशनात आता फार ऐकू येते. "फार विचार करू नका" हा सल्ला कुणाच्याच उपयोगाचा नाही. म्हणून हा धागा. एकच विनंती: स्वतःच्या कहाण्या इथे नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत. इथे कृती लिहा. किती वेळ, कोणत्या क्रमाने, कुठे चुकतं आणि का. सुरुवात मी करते.

आधी शब्दांकडे बघा. काळजी आपण "घेतो", चिंता मात्र "लागते". काळजी घेताना हात चालतात: औषध देतो, पावसाआधी पन्हाळ साफ करतो. चिंता लागली की फक्त डोकं चालतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेला आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेला विवेकनिष्ठ मानसोपचार याच फरकावर उभा आहे. माणसाने बेफिकीर व्हावं असं तिथे कुणी म्हणत नाही. चिंतेचं रूपांतर काळजीत कसं करायचं, हे शिकवतात.

त्यासाठी सर्वांत खात्रीचं साधन म्हणजे "चिंतेची वेळ". मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ते मांडलं. लागतं काय, तर शंभर पानी वही, पेन आणि गजर. रोज एकच वेळ, एकच जागा. मूळ पद्धतीत ३० मिनिटं आहेत, सुरुवातीला २० पुरतात. संध्याकाळी साडेसहा ते सात बरी, कामावरून उशिरा येणाऱ्यांनी साडेआठ धरावी. झोपण्याआधीचे दोन तास टाळा. जागा जेवणाच्या टेबलाची खुर्ची. पलंग नाही आणि टीव्हीसमोरचा सोफाही नाही, कारण जिथे बसून चिंता करतो ती जागाच पुढे चिंतेची आठवण करून देते. पलंगावर केली तर पाठ टेकताक्षणी डोकं सुरू होतं.

दिवसभरात विचार आला की तीन-चार शब्दांत टिपायचा, "साडेसहाला" असं मनात म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे परत यायचं. विचार दाबायचा नाही, पुढे ढकलायचा. दाबलेला विचार उसळी मारून वर येतो, ढकललेल्याला ठरलेली जागा असते, म्हणून तो थांबतो.

साडेसहाला पानावर तीन रकाने पाडा: काय वाटतंय, त्यातलं हातात किती, पुढे काय. पान असं दिसतं:

"मोठी भरती, पार्किंगमध्ये पाणी" – अर्धं हातात – शनिवारी १० वाजता मोठ्या भरतीच्या तारखा कॅलेंडरवर लिहिणे. पावसाळ्यापुरती वर गाडी लावता येईल का, सोसायटीच्या ऑफिसात विचारणे.

"युद्ध पसरलं तर" – हातात नाही – मनातलं वाक्य: "असं होताच कामा नये, झालं तर सगळं संपलं." त्याखाली दुसरं वाक्य: "होऊ नये असं मनापासून वाटतं. झालं तर फार वाईट होईल. तरी त्या दिवशीही करण्यासारखं काहीतरी हातात असेल."

ही दुसरी वाक्यं "सगळं छान होईल" अशी नसावीत. मनाला ते पटत नाही, आणि न पटलेलं वाक्य शंभर वेळा लिहूनही उपयोग नसतो. "कामा नये"च्या जागी "वाटतं" आलं आणि "सगळं संपलं"च्या जागी "फार वाईट" आलं की काम झालं.

गजर वाजला की वही बंद आणि लगेच उठून हाताचं काहीतरी काम: भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. निदान दोन आठवडे रोज केल्याशिवाय निकाल लावू नका.

साधा_प्रश्न
ताई, संध्याकाळपर्यंत सकाळची चिंता विरून गेली तर? उगाच उकरून काढायची का?

खाडीकाठ
बसायचं, पण पाचच मिनिटं. टिपलेल्या ओळी वाचायच्या. ज्या विरल्या त्यांच्यापुढे बरोबरची खूण. महिनाभराने पानं उलटली की किती ओळींपुढे खूण आहे ते डोळ्यांनी दिसतं, आणि ते कुणाच्या समजावण्यापेक्षा जास्त पटतं. बसणं टाळलं तर मात्र "साडेसहाला" या शब्दाची पत जाते. मनाला कळतं की हा नुसता बहाणा आहे. मग दुपारचा विचार दुपारीच हट्ट धरून बसतो.

घणसोलीकर
वहीचं पटलं. पण फोन तसाच ठेवला तर वही हरणार. दुरुस्तीच्या दुकानात रोज फोन हाताळतो त्यावरून सांगतो.

व्हॉट्सॲपपासून सुरू करा. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मीडिया ऑटो-डाउनलोड. तिथे तिन्ही ठिकाणच्या खुणा काढा: मोबाइल डेटा, वायफाय, रोमिंग. नाहीतर स्फोटाचा व्हिडिओ तुम्ही न मागता गॅलरीत येऊन बसतो आणि घरच्या फोटोंच्या मधोमध दिसतो. मग सोसायटी, शाळा, ऑफिस सोडून बाकीचे ग्रुप अर्काइव्ह करा आणि सेटिंग्ज, चॅट्समध्ये "कीप चॅट्स अर्काइव्हड" चालू आहे ना, ते पाहा. ते बंद असेल तर नवा मेसेज आला की ग्रुप परत वर येतो, आणि लोक म्हणतात अर्काइव्ह करून काही होत नाही. नुसतं म्यूट केल्याने आवाज जातो, ग्रुप यादीत तसाच राहतो आणि डोळा तिकडे जातोच.

यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करा. भडक थंबनेलवाल्या चॅनलच्या व्हिडिओजवळच्या तीन ठिपक्यांवर "डोन्ट रेकमेंड चॅनल" दाबा. "नॉट इंटरेस्टेड" दाबल्याने तो एक व्हिडिओ जातो, चॅनल राहतं. सगळ्यात जालीम उपाय: वॉच हिस्टरी पुसून ती बंद ठेवायची. होम पान जवळजवळ कोरं होतं. जे बघायचं ते शोधून बघावं लागतं आणि तिथेच निम्मं काम होतं.

ॲपला वेळेची मर्यादा: अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंग, आयफोनवर स्क्रीन टाइम. अँड्रॉइडचा टायमर मध्यरात्री शून्यावर येतो, म्हणजे रात्री बारा वाजता जागे असाल तर नवी वीस मिनिटं मिळतात. त्यासाठी बेडटाइम मोड वेगळा, साडेदहापासून, पडदा करडा करून. आयफोनवर "ब्लॉक ॲट एंड ऑफ लिमिट" चालू केलं नाही तर मर्यादा एका बोटाने ओलांडता येते. पासकोड घरातल्या दुसऱ्या माणसाला ठेवायला द्या.

चार्जर बैठकीत, उशाशी साधं गजराचं घड्याळ. "गजर फोनमध्ये आहे" या एका कारणाने फोन पलंगावर राहतो.

कोपरीकर
मला वाटतं हा सगळा खटाटोप नको. बातम्या पूर्ण बंद. ज्याबद्दल आपण काही करू शकत नाही ते कळून काय करायचं?

खाडीकाठ
कोपरीकर, नम्रपणे असहमत. दोन कारणं. एक, पूर्ण बंद केलेल्या माणसाला बातमी कळतेच, फक्त ती लिफ्टमध्ये किंवा कट्ट्यावर, अर्धवट आणि तिखटमीठ लावून कळते. दुसरं जास्त महत्त्वाचं: टाळल्याने भीती तात्पुरती कमी होते, म्हणून मन टाळायलाच शिकतं आणि दर वेळी टाळण्याची हद्द वाढत जाते. आधी बातम्या, मग वर्तमानपत्र, मग चार माणसांतल्या गप्पा. म्हणून बंद नको, माप हवं. दिवसाला दोनदा, प्रत्येकी १५ मिनिटं, शक्यतो वाचून. छापील पेपर चांगला कारण तो संपतो. आकाशवाणीचं प्रादेशिक बातमीपत्रही दहा मिनिटांत संपतं. स्क्रोल संपत नाही, आणि पुढच्या झटक्यात महत्त्वाचं काही असेल या आशेवर अंगठा चालत राहतो.

वेळ कुठली? सकाळी अंघोळ-चहा आटोपल्यावर, डोळे उघडल्याबरोबर नाही. ठाणे–वाशी लोकलमधला अर्धा तास लोकांना बातम्यांसाठी सोयीचा वाटतो, पण तिथे बसल्या जागी हलता येत नाही, गर्दीने श्वास उथळ झालेला असतो आणि उतरलं की थेट कामावर. मनावर आलेला ताण झटकायला जागाच मिळत नाही. ट्रेनमध्ये ऐकायला दुसरं काहीतरी ठेवा.

घणसोलीकर
याला जोडून, फॉरवर्ड कसा तपासायचा ते. मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो पाच किंवा जास्त हातांतून आलेला आहे. असा मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवू देतं. ती मर्यादा एप्रिल २०२० पासून आहे. दुहेरी बाण म्हणजे खोटं असं नाही, पण ते पाठवणाऱ्याचं स्वतःचं नाही एवढं नक्की.

व्हिडिओ असेल तर तो थांबवा. जिथे दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट किंवा इमारत स्पष्ट दिसते तिथे स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. आलेल्या निकालांत सगळ्यात जुनी तारीख शोधा. "आत्ता, वाशी पुलावर" असं लिहिलंय आणि गाडीची पाटी परदेशी आहे, रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालल्यात, पावसाळ्याची बातमी आणि माणसांच्या अंगात स्वेटर: या तीन गोष्टी पाहायला दहा सेकंद लागतात. पीआयबी फॅक्ट चेकही आहे, पण ते केंद्र सरकारच्या योजना-निर्णयांबद्दलचे दावे तपासतात. परदेशातल्या युद्धाच्या क्लिपसाठी तिथे जाऊ नका, हाती काही लागणार नाही.

तपासणं जमत नसेल तर पुढे पाठवू नका आणि पुन्हा बघूही नका.

नेरुळचा_डॉक्टर
शरीराकडे कुणी आलं नाही म्हणून लिहितो. चिंतेत छाती धडधडते, हात गार पडतात, पोट बिघडतं. हे शरीरात घडतं, तर्काने ते थांबत नाही. श्वास हा एक दरवाजा आपल्या हातात असतो.

पद्धत: पाठ टेकून बसा. नाकाने चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, चिंता नसतानाही. पोहायला जसं बुडताना शिकता येत नाही तसंच हे. सर्वांत मोठी चूक म्हणजे "दीर्घ श्वास घ्या" ऐकून छाती भरभरून भराभर श्वास घेणं. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि घबराट आणखी वाढते. श्वास मोठा नको, बाहेर जाणारा लांब हवा. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास रोखून धरण्याचे प्रकार करू नका.

गर्दीत उभं असाल तर डोळे मिटू नका. दिघा गावाहून गाडी सुटली की मोजायला सुरुवात करा, ऐरोलीपर्यंत दहा-पंधरा श्वास होतात.

रात्री अंग ताठलेलं असेल तर स्नायू आवळून सोडण्याची पद्धत, एडमंड जेकबसन यांची, शंभर वर्षं जुनी. मुठी पाच सेकंद आवळा, मग सोडून वीस सेकंद नुसतं ते सुटलेपण जाणवू द्या. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. लोक आवळण्यावर जोर देतात आणि सोडताना घाई करतात. फायदा त्या वीस सेकंदांत आहे. मान आणि कंबर दुखत असेल तर ते भाग वगळा.

चहा. कॅफिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अंगातच असतं. चिंतेचा त्रास असेल तर दुपारी दोननंतर नको. पण एकदम तोडलात तर दोन-तीन दिवस डोकं दुखेल, म्हणून आठवड्याला एक कप कमी करा. झोपेसाठी दारू घेणाऱ्यांना सांगतो: पहिली झोप लवकर लागते, पहाटेची मोडते, आणि पहाटे तीनला जाग आली की सगळ्या जगाची चिंता उशाशी येते.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. ठाण्यातली कचराळी किंवा तलावपाळी, नेरुळचा ज्वेल, खारघरचं सेंट्रल पार्क, जे जवळ असेल ते. पावसात इमारतीचे जिने.

भरती_ओहोटी
आपत्ती व्यवस्थापनाच्या बाजूने. इथल्या माणसाची जगाबद्दलची चिंता पावसाळ्यात पाण्याचं रूप घेते. आकडे कळले की ती बरीच आवरते.

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. म्हणजे "अत्यंत जोरदार"ची रेघ ओलांडली तरी तो त्या दिवसाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असू शकतो. "आज पुन्हा २६ जुलै" असे मेसेज येतात तेव्हा हा आकडा आठवा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारी करा, लाल म्हणजे आता कृती करा.

इशारा जिल्ह्याचा असतो. ठाणे जिल्हा म्हणजे शहापूर-मुरबाडसुद्धा. आणि नवी मुंबई म्हणून ओळखला जाणारा सगळा भाग एका जिल्ह्यात नाही: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. खारघरचे लोक ठाण्याचा लाल इशारा पाहून घाबरतात आणि रायगडचा पाहतच नाहीत.

पाणी कसं तुंबतं ते समजून घ्या. नवी मुंबईत सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. नाल्यांचं पाणी तलावात येतं, तलावाच्या तोंडाशी खाडीकडे उघडणारी झडप असते. ओहोटीला तलावातलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. भरतीला खाडीचं पाणी बाहेरून दाबतं आणि झडप आपोआप मिटते. तेवढा वेळ पावसाचं पाणी तलावात साठतं. म्हणून धोका मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले तर. तलावात गाळ साचला असेल तर साठवण कमी, आणि झडपेत कचरा अडकला तर खाडीच आत. भरती दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांनी, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी. तेव्हा भरतीच्या आधीचे-नंतरचे दोन तास जपायचे असतात. दिवसभर खिडकीत उभं राहून काही होत नाही.

घरातली तयारी: पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर. चौघांचं तीन दिवसांचं ३६ लिटर, म्हणजे वीस लिटरचे दोन जार. सात दिवसांची नेहमीची औषधं, चिठ्ठीच्या फोटोसकट. भरलेली पॉवरबँक, बॅटरी, काडेपेटी, थोडे सुटे पैसे, कागदपत्रांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत. एकदा केलं की यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि १ जूनला तपासा. दर आठवड्याला नवीन वस्तू वाढत असतील तर ती तयारी राहिली नाही, चिंतेने खरेदी सुरू केली आहे. यादी बंद झाली पाहिजे.

मे २०२५ मध्ये देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, तेव्हा भोंग्यावरून बराच गोंधळ होता. वर-खाली होणारा आवाज म्हणजे धोका, एकसुरी आवाज म्हणजे धोका टळला. आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७.

कोपरीकर
हवेचं कुणी सांगाल का? एका ॲपवर १५५ दिसतं, दुसऱ्यावर १००. कुठलं खरं?

भरती_ओहोटी
दोन्ही. मोजपट्टी वेगळी. हवेतल्या सूक्ष्म कणांचं, पीएम २.५ चं प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय निर्देशांकात १०० येतात, अमेरिकी पद्धतीत १५० च्या पुढे. बरीच खासगी ॲप अमेरिकी पट्टी वापरतात. एकच धरा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं "समीर" बघत असाल तर २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अति वाईट, त्यापुढे गंभीर. शिवाय तो आकडा २४ तासांच्या सरासरीचा असतो, दर तासाला उघडून बघण्यात अर्थ नाही. सकाळी एकदा. २०० च्या पुढे असेल तर लहान मुलं, म्हातारी माणसं, दमेकरी यांचं बाहेरचं धावणं त्या दिवशी नको. बाहेर पडावंच लागलं तर नाकाला घट्ट बसणारा एन ९५. कापडी मास्कने हे कण अडत नाहीत.

शाळेच्या_बाई
मुलांसाठी. सात वर्षांखालच्या मुलांना दृश्यं दाखवू नका. तीच क्लिप दहा वेळा लागली तर त्यांना वाटतं दहा इमारती पडल्या. मोठ्या मुलांना आधी विचारा, "तू काय ऐकलंस?" आपण समजावायला लागतो ते भलतंच असतं, मुलाच्या मनात शाळेच्या बसमध्ये ऐकलेलं काहीतरी तिसरंच. मग खरं ते दोन वाक्यांत: काय झालं, ते आपल्यापासून किती लांब आहे, आपण काय करतोय. "काही होणार नाही" असं वचन देऊ नका, मोडलं तर पुढचं काही ते ऐकणार नाही. "काही झालं तर कोण काय करणार ते ठरलेलं आहे" हे सांगा आणि खरंच ठरवून ठेवा: शाळेतून कोण आणणार, तो नाही आला तर दुसरा कोण.

झोपायच्या वेळी हा विषय नको. मुलाने काढला तर ऐकून घ्या, "उद्या दुपारी बोलू" म्हणा आणि दुपारी आठवणीने बोला.

विरंगुळा
ज्येष्ठांबद्दल. टीव्ही बंद करायला सांगून भांडणच होतं. घरात तो एकच आवाज सोबतीला असतो, हे आधी समजून घ्या. वेळ बदला, वस्तू नाही: सकाळचं एक बातमीपत्र, संध्याकाळी सातचं एक. मधल्या वेळेला त्याच खुर्चीवर, त्याच तासाला दुसरं काहीतरी हवं. रिकामी जागा राहिली की रिमोट परत हातात येतो. कीर्तन, जुने सामने, रेडिओ, शेंगा सोलणं, काहीही. आवाज फार मोठा लागत असेल तर कानाची तपासणी करून घ्या. ऐकू कमी येणाऱ्याला वादावादीचे कार्यक्रम जास्त त्रास देतात, शब्द सुटतात आणि फक्त ओरडा पोचतो. ज्येष्ठांसाठी सरकारी मदतवाहिनी १४५६७.

एक_अर्ज
वहीतल्या "हातात अर्धं" या रकान्यासाठी. जगाचं हवामान आपण बदलू शकत नाही, पण आपल्या विभागातल्या धारण तलावाचा गाळ शेवटचा कधी काढला हे विचारू शकतो. माहिती अधिकाराचा अर्ज: शुल्क १० रुपये, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही मिळालं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

अर्ज फसतो तो "का" विचारल्याने. "गाळ का काढला नाही" याला उत्तर मिळत नाही, कारण कायद्याने नोंद मागता येते, खुलासा नाही. असं लिहा: "अमुक धारण तलावातील गाळ काढण्याच्या कामाचे मागील पाच वर्षांतील कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती आणि अदा केलेली देयके." कांदळवनावर भराव दिसला तर फोटो, तारीख, नकाशावरचं नेमकं ठिकाण, आणि तक्रार जिल्हाधिकारी कार्यालय व वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे. दोन्हीकडून पोच घ्या.

एक सूचना कळकळीची: एकच विषय धरा, आठवड्याला दोन तास. सहा विषय धरणारा माणूस चौथ्या महिन्यात थकून सगळंच सोडतो. आणि एकट्याने करू नका. दोघं-तिघं असले की एकाची उमेद खचते तेव्हा दुसरा पोच आणायला जातो.

साधा_प्रश्न
नोकरीचं काय? ऐरोली-महापेच्या आयटीवाल्यांत "ए.आय.ने टीम निम्मी होणार" याचीच चर्चा असते.

एक_अर्ज
तिथेही तोच रकाना. घरखर्च आणि हप्ते धरून सहा महिन्यांची रक्कम मोडता येईल अशा ठेवीत. आरोग्य विमा स्वतःच्या नावाने वेगळा, कारण कंपनीचा नोकरी सुटली की जातो. तोही आता घ्या, नोकरी गेल्यावर हप्ता भरणं जड जातं. आठवड्याला तीन तास एकच कौशल्य. बाकी चर्चा साडेसहाच्या वहीत.

नेरुळचा_डॉक्टर
मदत कधी घ्यायची, ते स्पष्ट लिहितो. जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची चाचणी आहे, मागच्या दोन आठवड्यांबद्दलची. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. त्यावरून निदान होत नाही, पण १० किंवा वर असेल तर तज्ज्ञाकडे जा. गुण कमी असले तरी झोप, काम किंवा घरातलं बोलणं दोन आठवडे बिघडलेलं असेल तर थांबू नका. आधी साध्या डॉक्टरांकडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली की अगदी हेच सगळं होतं. छातीत पहिल्यांदाच दुखलं तर ती चिंताच आहे असं घरी ठरवू नका, ईसीजी काढा.

शेजाऱ्याची अल्प्राझोलम (घबराट शमवणारी गोळी) घेऊ नका. तिची सवय लागते, आणि रोज घेत असाल तर एकदम थांबवणंही धोक्याचं. धडधडीसाठी कुणी प्रोप्रॅनोलॉल सुचवेल, दमा असेल तर ती चालत नाही. मानसोपचारतज्ज्ञ ज्या गोळ्या बहुधा सुरू करतात त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा थोडी अस्वस्थता वाढू शकते. बरेच लोक नेमके तेव्हाच सोडतात. सोडण्याआधी फोन करा.

कुठे जायचं: ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे. नावाला बिचकू नका, भरती करूनच घेतात असं नाही. आयपीएच ही डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली संस्था, समुपदेशन मराठीतून. फोनवर बोलायचं तर टेली-मानस १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, मराठीत. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असतं, पॉलिसी काढून वाचा.

जीव नकोसा वाटत असेल, तर हा धागा वाचत बसू नका. आत्ता १४४१६ किंवा ११२, किंवा घरातल्या कुणालातरी सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग. त्या माणसाला एकटं सोडू नका.

साधा_प्रश्न
शेवटचं विचारतो. वहीत तीच ओळ रोज येत राहिली तर?

खाडीकाठ
पाच दिवस ओळ तीच आली की ती फार मोठी, मोघम आहे असं समजायचं. "जगाचं काय होणार" ही ओळ कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिच्याखाली लिहा: कुठल्या दिवसाची भीती वाटते, त्या दिवशी घरात कोण आहे, काय तुटलंय? तीन-चार ओळी निघतात: आईची औषधं, मुलगी परगावी शिकते, घराचा हप्ता. या ओळी रकान्यांत बसतात. तरीही दोन आठवडे अडून राहिली तर वही घेऊनच समुपदेशकाकडे जा. पहिल्या भेटीत "काय होतंय" हे सांगण्यातच तास जातो, वही उघडली की तो वेळ वाचतो. येताना मागची पानं फाडू नका, खाडाखोड असेल तशीच आणा.